खालच्या कप्प्यातलं बी

कुमुदताई,

परवा ऋताने तुझ्या वह्या माझ्या हवाली केल्या. "मेधा आंटी, यू टेक देम. मला मम्माचं मराठी हँडरायटिंग नाही वाचता येत," म्हणाली आणि पिशवी माझ्या मांडीवर ठेवून चहा करायला आत गेली. तुला जाऊन तेव्हा बावीस दिवस झाले होते. सोफ्याच्या हातावर तुझी राखाडी शाल तशीच होती. मी सगळ्यात वरची वही काढली आणि थेट शेवटची लिहिलेली पानं उघडली. ज्या पानाची भीती होती ते तिथे होतंच.

"उगवण शून्य. कारण: बी कच्चं असताना तोडलं. चूक माझी. साठवण उत्तम. मेधाने चार महिने जिवापाड जपलं, तिला वाईट वाटणार नाही अशा बेताने सांगायचं."

आतून ऋताने विचारलं, "आंटी, शुगर?" मी काय उत्तर दिलं ते आठवत नाही. चहा फार गोड होता आणि मी तो मुकाट्याने पिऊन टाकला.

ताई, या सगळ्यात 'उगवण शून्य' एवढंच खरं आहे. बी कच्चं नव्हतं. चूक तुझी नव्हती. आणि साठवण उत्तम, डोंबल! हे तुला सांगायला माझ्याकडे नऊ महिने होते. तू फोनवर होतीस, समोरच्या खुर्चीत होतीस, शेवटी शेवटी तर हॉस्पिटलच्या खाटेवर माझा हात धरून होतीस. मी मात्र माझ्या लेकीच्या, ईराच्या परीक्षेबद्दल बोलले, शारजाच्या ट्रॅफिकबद्दल बोलले. आता तू ऐकू शकत नाहीस तेव्हा मला वाचा फुटली आहे. असं आहे तुझ्या मेधाचं शौर्य.

तुझी माझी ओळखच मुळी एका खाडाखोडीवरून झाली. दुबईत ऊद मेथातल्या शाळेत मी नवीन लागले होते, तू जीवशास्त्राची विभागप्रमुख. प्रयोगशाळेच्या रजिस्टरमध्ये मी काहीतरी चुकीचं लिहिलं आणि छान नेटकेपणाने त्यावर व्हाइटनर लावला. तू आलीस, अंगठ्याच्या नखाने तो पांढरा थर खरवडलास आणि विचारलंस, "मेधा मॅडम, इथे खाली काय होतं?"

"मिस्टेक होती, मॅम."

"मग दिसू दे की ती. एकच रेघ मारायची. खालचं वाचता आलं पाहिजे. वर बरोबर काय ते लिहायचं आणि सही करायची. चूक झाकली की पुढच्या माणसाला वाटतं, झालीच नव्हती."

इतका राग आला होता तुझा! घरी जाऊन नवऱ्याला, संदीपला म्हटलं, या बाईच्या हाताखाली माझं एक वर्षसुद्धा निघायचं नाही. अकरा निघाली. ईरा पोटात असताना माझे शेवटचे तास तू घेतलेस, बाळंतपणानंतर अल नहदाच्या आमच्या फ्लॅटवर बसने अळिवाचे लाडू घेऊन आलीस. एका मुलाचे वडील माझ्यावर ओरडायला आले, तेव्हा तू मधे खुर्ची ओढून बसलीस आणि त्यांना शांतपणे म्हणालीस, "आता बोला, आम्ही दोघी ऐकतोय." मला या गावात माहेर नव्हतं. ते तू दिलंस, आणि कधी तसं म्हणाली नाहीस.

आणि ते फूल. लग्नाआधी दोन उन्हाळे तू हिमाचलमधल्या लाहौलच्या डोंगरांत त्याच्या मागे काढले होतेस. डँडेलियनच्या कुळातलं, पण बागेत नि रस्त्याकडेला माजतं ते नव्हे. झाडं जिथे संपतात त्याच्याही बरंच वर, बर्फ वितळून पाणी झिरपत राहतं त्या खडीत उगवणारं. फुलाखाली जी बारीक हिरवी पानं असतात, ती याची शाई सांडल्यासारखी काळपट. तू म्हणायचीस ही वेगळीच जात आहे. तुझे पीएचडीचे गाईड म्हणायचे, थंडीने आणि तिथल्या उन्हाने काळी पडली आहेत, खाली आणून लाव, आपोआप हिरवी होतील. वाद तिथेच अडकला. तुझं लग्न झालं, तू दुबईला आलीस, प्रबंध ट्रंकेत गेला. पुढे नवरा निघून गेला, एकटीने ऋताला वाढवलंस, पण तो प्रश्न काही तुझ्या डोक्यातून गेला नाही. स्टाफरूममध्ये माझ्या डब्यातलं थालीपीठ खाताखाता तू एकदम विचारायचीस, "थंडीने काळी की जातीचीच काळी? तुला काय वाटतं?" जसं काही मी पैज लावून बसले होते.

उत्तर मिळवणं सोपं होतं. बी आणायचं आणि गरम देशात वाढवून बघायचं. याहून गरम देश आपल्याला कुठे मिळणार होता! शिवाय या फुलाला बी धरायला परागकण लागत नाहीत, प्रत्येक बी म्हणजे आईची हुबेहूब नक्कल. "हिचं नवऱ्यावाचून अडत नाही," तू डोळे मिचकावून म्हणायचीस, "माझ्यासारखीच आहे." म्हणून एक रोप जरी फुललं असतं तरी तुला पुरलं असतं.

दोन वर्षांपूर्वी ऑगस्टअखेरीला आपण गेलो. माझ्या सुट्टीतले सहा दिवस तू मागून घेतले होतेस. मी तर पोचल्यापासून डोकं धरून बसले होते. तू एकसष्ट वर्षांची, चार पावलांवर धाप लागत होती, तरी ओल्या खडीवर सरळ पालथी पडलीस आणि भिंग डोळ्याला लावलंस. जमिनीला चिकटलेली दातेरी पानं, बोटभर देठ, त्यावर पिवळंजर्द फूल. ढग आला की मिटायचं, गेला की पुन्हा उघडायचं. आपण राहत होतो त्या घरची बाई बघायला आली आणि हसायला लागली. "मॅडमजी, ये तो दुधल है. हम साग बनाते हैं. दुबई से साग के लिए आए?" तू मला म्हणालीस, "मराठीत याला नावच नाही बघ. आपला माणूस इथवर पोचला तर आधी चहा शोधतो." मी "अहो ताई" म्हणून काही विचारायला गेले तर म्हणालीस, "या उंचीवर अहो-जाहो करायला श्वास पुरत नाही गं. तू म्हण." तेव्हापासून तू.

बी तयार नव्हतं. एक दिवस गेला, दोन गेले, तीन गेले. ईराला ताप आल्याचा फोन आला आणि माझा पारा चढला. "तोडून घे ना ताई, घरी जाऊन पिकेल. तुझ्या या गवतापायी माझी सगळी सुट्टी चालली." तू एवढंच म्हणालीस, "कच्चं बी घरी पिकत नाही, सडतं." चौथ्या सकाळी ऊन येताच बियांचे पांढरे, केसाळ गोल फुगे उघडले. तू एक बी काढून नखाने दाबलंस. टणक, तपकिरी. "पिकलं," म्हणालीस आणि माझ्या तळहातावर ठेवलंस. मी पाहिलंय ते, ताई. जगात ते पाहिलेली आता मी एकटीच उरले आहे.

परत आलो आणि तुझ्या धापेचं कारण कळलं. तो हिवाळा डॉक्टरांत गेला, बी पुडीत कोरडं राहिलं. मागच्या जूनमध्ये तुझं हृदयाचं ऑपरेशन जुलैत करायचं ठरलं. नंतर तू अबुधाबीला, ऋताच्या मोहम्मद बिन झायद सिटीतल्या घरी राहायला जाणार होतीस. जाण्याआधी आइस्क्रीमच्या डब्यात ओली वाळू घालून त्यात बी घातलंस. चार महिने थंडीत ठेवायचं आणि नोव्हेंबरात हवा गार झाली की पेरायचं, असा तुझा बेत. ऋताने हात जोडले होते, "मम्मा, नो मड इन माय फ्रिज, प्लीज." म्हणून डबा माझ्याकडे आला.

यावरही आपला वाद होताच. तू म्हणायचीस, सहा महिने बर्फाखाली झोपणारं बी आहे, थंडी दाखवल्याशिवाय त्याला जाग येणार नाही. मी म्हणायचे, डँडेलियनला थंडीबिंडी काही लागत नाही, पुस्तकात आहे, सरळ पेर. "पुस्तक लिहिणारा तिथे पालथा पडला होता का?" तू विचारायचीस. तो वाद मिटलाच नाही.

"यंदा इंडियाला जाणार नाहीस ना?" डबा देताना तू विचारलंस.

"नाही ताई. संदीपला सुट्टीच नाहीये."

"मग खालच्या कप्प्यात ठेव, मागे. दरवाज्यात नको, उघडझाप होते."

तीन आठवडे ठेवला. दर शनिवारी वाळूला बोट लावून पाहिलं, एवढं माझ्या बाजूने लिहून ठेवते. मग जुलैच्या मध्यावर संदीपची रजा अचानक मंजूर झाली आणि चार दिवसांत आम्ही निघालो. सुट्टीवर जाताना आपण इथली सगळी माणसं काय करतो ते तुला ठाऊक आहे. फ्रिज रिकामा करायचा, उरलेलं दही-भाजी शेजारी द्यायची, वास येऊ नये म्हणून फ्रिजच्या दारात टॉवेल अडकवून ते उघडं ठेवायचं, गॅस बंद, पाणी बंद आणि अगदी शेवटी, चपला घालून झाल्या की विजेचा मेन स्विच खाली. दीड महिना बंद घरात वायरिंगचं काही झालं तर, ही भीती प्रत्येकालाच. तुझा डबा मी ओट्यावर काढून ठेवला होता. खाली जाताना बिल्डिंगचा वॉचमन बशीर, ज्याला इथे सगळे नातूर म्हणतात, त्याच्या खोलीतल्या फ्रिजमध्ये ठेवायला देणार होते. दारातून संदीप ओरडत होता, "यल्ला, यल्ला! टॅक्सी खाली उभी आहे, मीटर चालू आहे!" मी ईराची बाटली घेतली, मेन खाली केला आणि दार ओढलं.

इथपर्यंत ती चूक होती. कुणाकडूनही झाली असती, आणि तू हसून माफ केली असतीस.

पण मला आठवलं, ताई. विमानतळावर, सामान पट्ट्यावरून आत जात असताना आठवलं. बोर्डिंगला अजून तासभर होता. बशीरचा नंबर मोबाइलमध्ये होता, घराची चावी त्याच्याकडे होती. "भाई, किचन में एक डब्बा है, अपने फ्रिज में रख दो," एवढंच सांगायचं होतं. मी फोन हातात घेतला आणि मनात म्हटलं, नाहीतरी याला थंडी लागतच नाही. उगाच कशाला बशीरला पाच मजले चढउतार. बघू या कोण खरं ठरतं ते. फोन पर्समध्ये टाकला आणि ईराला ज्यूस घेऊन दिला. जीवशास्त्राची शिक्षिका मी! जुलैत इथला बंद फ्लॅट किती तापतो आणि त्यात ओल्या वाळूतल्या बीचं काय होतं, हे मला कुणी सांगायची गरज नव्हती. मला तुझ्यावर कुरघोडी करायची होती. तिकडे तुझी छाती उघडलेली होती आणि इकडे मी एका वादात जिंकायला बघत होते.

परत आले तेव्हा वाळूची ढेप झाली होती, वर काळी बुरशी. मी चमच्याने बुरशी काढून टाकली, वाळूत पाणी घातलं आणि डबा पुन्हा खालच्या कप्प्यात मागे ठेवला. संदीप म्हणाला, "अगं, सांगून टाक ना. खलास. त्या काय खाणार आहेत का तुला?" मी म्हटलं, त्या आजारी आहेत, आता नको. हे 'आता नको' मी पुढे किती महिने वापरलं!

नोव्हेंबरच्या पहिल्या आठवड्यात मी डबा घेऊन ऋताकडे आले. तू तो दोन्ही हातांत घेतलास, गालाला लावलास आणि म्हणालीस, "किती छान गार आहे गं!" तेव्हा सांगायला हवं होतं. तेवढ्या एका क्षणात सांगितलं असतं तर कदाचित जमलं असतं.

त्याच दिवशी तू ते बी एका ट्रेमध्ये पेरलंस. मग तुझे रोजचे फोन. "आज काही नाही गं." "उद्या बघू." "वाळूचा कण हलल्यासारखा वाटला, मुंगी होती." तू भिंग घेऊन ट्रेसमोर बसायचीस आणि मी तुला धीर द्यायचे. मी! जानेवारीत एका शनिवारी मी आले तेव्हा तू बाल्कनीत गप्प बसली होतीस. ऑपरेशननंतर तुझी आठवण डळमळली होती. गोळी घेतली की नाही हे तू ऋताला विचारायचीस, आणि त्याची तुला लाज वाटायची.

"मेधा," तू म्हणालीस, "मी तिथे घाई केली का गं? तू कंटाळली होतीस, म्हणून मी कच्चंच तोडलं का? मला नीट आठवतच नाही."

तू माझ्याकडे बघत होतीस. तुझा स्वतःवर भरवसा उरला नव्हता, माझ्यावर होता.

"असेल, ताई," मी म्हटलं.

तू मान हलवलीस. त्यानंतर आपण त्या फुलाबद्दल कधी बोललो नाही. त्या ट्रेमध्ये ऋताने कोथिंबीर पेरली आणि ती चांगली आली.

माझा गुन्हा एवढाच आहे असं मी परवापर्यंत समजत होते. घरी येऊन वहीचं पुढचं पान उलटलं. तिथे तू एक छोटं पाकीट चिकटवलं आहेस. वर लिहिलंय, "राखीव १४. तोडल्या दिवशीच वेगळ्या काढलेल्या, कोरड्या." आणि खाली, जानेवारीतल्या तुझ्या थरथरत्या अक्षरात, "याही त्याच तोडणीतल्या, म्हणजे कच्च्याच. पेरून उपयोग नाही."

सगळं कधी एका डब्यात घालायचं नाही, हे तू प्रत्येक बॅचला पहिल्याच तासाला सांगायचीस. मी तुझ्या बाजूला उभी राहून अकरा वर्षं ऐकलं आणि विसरले. तुझ्याकडे चौदा चांगल्या बिया होत्या, ताई. जानेवारी होता, हवा थंड होती, तुझ्या हातात चार महिने होते. फूल आलं नसतं कदाचित. पण दोन दातेरी पानं तरी जमिनीला चिकटलेली तू पाहिली असतीस. मी "असेल" म्हटलं म्हणून तू ते पाकीट उघडलंच नाहीस. जेवणाच्या टेबलाशी बसून मी मोठ्याने रडले. ईरा धावत आली, "मम्मा, व्हॉट हॅपन्ड?" मला तिलाही सांगता आलं नाही.

काल मी निळं पेन घेतलं आणि तुझ्या नोंदीवर एकच रेघ मारली, खालचं वाचता येईल अशी. वर लिहिलं, "बी पिकलेलं होतं. मी पाहिलं होतं. मेन मी बंद केला. विमानतळावर आठवलं होतं." सही केली. क्षणभर बरं वाटलं. मग लक्षात आलं की यात काही दम नाही. मराठीत लिहिलंय, ते ऋताला वाचता येत नाही, आणि वही माझ्याच कपाटात राहणार. म्हणजे हाही व्हाइटनरच झाला, फक्त निळा.

म्हणून ऋताला फोन लावला आणि सगळं सांगितलं, विमानतळासकट.

"सो द सीड्स वर फाइन," ती म्हणाली.

"हो."

"अँड यू न्यू. ऑल दॅट टाइम."

"हो."

"आंटी, मम्मा त्या ट्रेला सॉरी म्हणायची. एव्हरी मॉर्निंग. मला वाटलं मेडिसिन्समुळे काहीतरी बोलते."

मी काही बोलायला तोंड उघडलं तर म्हणाली, "प्लीज. नॉट नाऊ." तिचं 'नॉट नाऊ' आणि माझं 'आता नको' यांत फरक आहे, तो मला कळला. मग मी पाकिटाचं सांगितलं.

"कुठे आहेत त्या?"

"माझ्याकडे."

"तुमच्याकडे नको. इकडे आणा. या समरला मी कुठे जात नाहीये."

आज सकाळी घेऊन गेले. ईराच्या टिफिनच्या बॅगेत बर्फाची पिशवी, त्यावर रुमाल, त्यावर तुझं पाकीट, गाडीत एसी फुल. ऋताने दार उघडलं. ये म्हणाली नाही, चहाचं विचारलं नाही. ओट्यावर धुतलेला आइस्क्रीमचा डबा होता आणि त्यात ओली वाळू, कुठून आणली देव जाणे. आम्ही दोघींनी बिया मोजल्या. दहा तिने वाळूत घातल्या. उरलेल्या चार मी परत पाकिटात सरकवल्या.

"व्हाय?"

"सगळं एका डब्यात घालायचं नाही. तुझी मम्मा म्हणायची."

तिने पाकीट माझ्या हातातून घेतलं आणि तुझ्या शालीच्या घडीत ठेवलं. मग फ्रिज उघडला. खालचा कप्पा तिने सगळा रिकामा करून पुसून ठेवला होता. डबा धरून ती तिथे वाकून उभी राहिली, माझ्याकडे न बघता.

"पुढे की मागे?" तिने विचारलं.

"मागे," मी म्हटलं. "दरवाज्यात नको, उघडझाप होते."